शेजाऱ्याचे कोपर, मागच्याचा पाय: विमानात दर वेळी होणारा जागेचा त्रास आणि त्यावरचे उपाय

नोकरी हैदराबादेत आणि घर सावंतवाडीजवळ, घरी सासूबाई एकट्या, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी मला गोव्यातल्या मोपा विमानतळाचे किंवा सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे विमान पकडावे लागते. विमान उशिरा सुटणे, पावसाळ्यात उतरण्याआधी घिरट्या घालणे, हे सगळे अधूनमधून होतच असते. पण एक त्रास मात्र जवळजवळ प्रत्येक फेरीत होतो, आणि तो म्हणजे शेजारच्या, पुढच्या किंवा मागच्या प्रवाशाने आपल्या वाट्याच्या जागेत केलेले अतिक्रमण. कधी कोपर बरगडीत रुतते, कधी शेजाऱ्याचा गुडघा आपल्या मांडीला टेकलेला राहतो, कधी पुढची पाठ अचानक मागे येते आणि कपातला चहा मांडीवर सांडतो.

सुरुवातीला मी हे सगळे मुकाट्याने सोसत असे आणि घरी पोचल्यावर चिडचिड करत असे. एकदा मात्र तासभर दात-ओठ खाऊन बसल्यावर मी शेजारच्या गृहस्थांवर इतक्या चढ्या आवाजात ओरडले की मागच्या चार रांगा वळून पाहू लागल्या, आणि ते गृहस्थ गोरेमोरे होऊन म्हणाले, "अहो ताई, आधी सांगायचं ना, मला कळलंच नाही." त्यांना खरोखरच कळले नव्हते. त्या दिवसापासून मी या त्रासाकडे नीट पाहू लागले, आणि माझ्या असे ध्यानात आले की त्रास देणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण त्रास देतो आहोत याची जाणीवच नसते, आणि सोसणाऱ्यांपैकी बहुतेक जण भिडेपोटी इतका उशीर करतात की साधी विनंती भांडण होऊनच बाहेर पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते विमानातल्या आर्मरेस्टच्या बाबतीतही खरे आहे.

जाणीव का नसते, तेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे प्रवास म्हणजे पिढ्यान् पिढ्या बाकडे. एसटीत तिघांच्या बाकापाशी येऊन चौथ्याने "वायच सरकतास?" असे विचारले की सरकायचे, गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात मूल मांडीवर घेऊन अनोळखी बाईला टेकायला जागा द्यायची, ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच रीत आहे. बाकावरची जागा सगळ्यांची मिळून असते. एक जण सैलावला तर दुसरा आवरून घेतो, आणि दोन थांब्यांनंतर कोणीतरी उतरते. विमानातली खुर्ची तशी नसते. ती सरकत नाही, मध्ये कोणी उतरत नाही, आणि तिची सीमा इंचांत ठरलेली असते. बाकाची सवय घेऊन खुर्चीवर बसलेला माणूस सैलावतो तेव्हा तो उर्मट असतोच असे नाही. म्हणून पहिल्या वाक्यात त्याला उर्मट ठरवू नये.

इंचांचा हिशेब एकदा पाहून ठेवावा, म्हणजे रागाचे अर्धे कारण माणसावरून यंत्रावर सरकते. मोपाहून जी मोठी विमाने उडतात त्यांत एअरबस ए३२० जातीची अनेक असतात, आणि त्यांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असून एका आसनाची रुंदी साधारण १८ इंच असते. बोइंग ७३७ मध्ये ती १७ इंचांच्या आसपास भरते. धडधाकट पुरुषाचे खांदे अनेकदा याहून रुंद असतात. स्वस्त सेवेच्या विमानांत एका आसनापासून त्याच्या पुढच्या आसनापर्यंतचे अंतर बहुधा २८ ते ३० इंच असते. म्हणजे तीन आसने, आर्मरेस्ट चार आणि कोपरे सहा, असा तो मामला आहे, आणि कितीही सभ्य माणसे शेजारी-शेजारी बसवली तरी दोन कोपरे उरणारच. चिपीहून मी गेले ती विमाने एटीआर ७२ जातीची होती. त्यांत दोन-दोन आसने असतात, त्यामुळे मधल्या आसनाचा प्रश्नच येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर वेळ जुळत असेल तेव्हा मी केवळ एवढ्यासाठी चिपीला पसंती देते.

उपायांची सुरुवात तिकिटापासून होते. ज्यांना शेजाऱ्याचे अंग आपल्या आसनात येण्याचा त्रास वारंवार होतो, त्यांनी सर्वांत पुढच्या, समोर भिंत असलेल्या रांगेचा विचार करावा. तेथे ट्रे समोरच्या पाठीत नसून आर्मरेस्टच्या पोटात दुमडलेला असतो, त्यामुळे ती आर्मरेस्ट जाड, भरीव आणि वर न उचलता येणारी असते, आणि मधला पडदा आपोआप तयार होतो. त्याची किंमतही आहे: आसन किंचित अरुंद होते आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी पर्स पायांशी ठेवता येत नाही. संकटकालीन दरवाजाच्या रांगेत पायांना भरपूर जागा मिळते, पण लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांना दार उघडायला मदत करता येणार नाही अशी वृद्ध माणसे यांना तेथे बसवत नाहीत. त्या रांगेच्या लगेच पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही, कारण बाहेर पडण्याची वाट मोकळी राहावी लागते. पुढची पाठ अंगावर येण्याचा ज्यांना धसका आहे त्यांना हे माहीत असले की दरवाजाची रांग कामाला येते. खिडकीशी बसणाऱ्याला एका बाजूने भिंतीचा आधार मिळतो, आणि वाटेशी बसणाऱ्याच्या खांद्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या लागतात. मधले आसन मिळाले तर काय करावे, ते पुढे येतेच.

आता प्रत्यक्ष बसल्यानंतरचे. माझ्या अनुभवात सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे बसल्यापासून विमान हलेपर्यंतची पाच-दहा मिनिटे. याच वेळी नमस्कार करावा, कुठे निघालात असे एखादे वाक्य बोलावे, आणि काही खुपत असेल तर ते लगेच, साध्या आवाजात सांगून टाकावे. एक तर त्या वेळी शेजारीही अजून स्थिरावलेला नसतो, त्यामुळे हात किंवा पाय हलवणे त्याला जड जात नाही. दुसरे म्हणजे विमान सुटण्याआधी जागा बदलून देणे कर्मचाऱ्यांना सोपे असते. सांगताना माणसाविषयी बोलू नये, वस्तूविषयी बोलावे. "तुम्ही फार पसरून बसता" या वाक्याला उत्तर म्हणून भांडणच येते, "तुमचं कोपर मला लागतंय, जरा आत घ्याल का?" या वाक्याला उत्तर म्हणून कोपर आत जाते. हिंदीत बोलायचे झाले तर "भाईसाहब, आपकी कोहनी लग रही है, ज़रा अंदर कर लीजिए" एवढे पुरते. 'प्लीज'च्या पुढे माफी मागू नये. आपण काही गैर मागत नाही.

आर्मरेस्टबाबत एक संकेत बऱ्याच प्रवाशांना मान्य असतो, तो असा की मधल्या आसनावरच्या माणसाला दोन्ही मधल्या आर्मरेस्ट द्याव्यात, कारण खिडकीवाल्याला भिंत आहे आणि वाटेवाल्याला बाहेरची बाजू आहे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो कोणाला ऐकवून दाखवू नये. पण आपण खिडकीशी किंवा वाटेशी असू तर तो स्वतःहून पाळावा, आणि मध्ये असू तर दोन्ही कोपरे दांड्यावर शांतपणे, पण पहिल्यापासून टेकवून ठेवावीत. शेजारीही हटत नसेल तर लांबी वाटून घेता येते: एकाने पुढच्या टोकाला मनगट टेकवावे आणि दुसऱ्याने मागच्या टोकाला कोपर. हे मी कितीतरी वेळा सुचवले आहे आणि आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

फाकवलेले गुडघे ही जास्त चिवट तक्रार आहे. उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला लागतात आणि मग ते नाइलाजाने बाजूला जातात, त्यामुळे आधी एकदा खाली पाहावे. पुष्कळदा त्याची बॅग त्याच्याच पुढच्या आसनाखाली ठासून भरलेली असते आणि पायांना जाण्यासाठी जागाच उरलेली नसते. मे महिन्यात तर आंब्याच्या पेटीपासून फणसाच्या गऱ्यांपर्यंत सगळे पायांशी येऊन बसते. अशा वेळी "तुमची बॅग वर ठेवू या का, म्हणजे तुम्हाला पाय सरळ करता येतील" असे म्हटले की दोघांचेही काम होते. वाटेच्या बाजूच्या आसनाची बाहेरची आर्मरेस्ट अनेक विमानांत वर उचलता येते. ती उचलण्याची कळ दांड्याच्या खालच्या अंगाला, बिजागरीजवळ असते. गुडघे आखडलेल्या वयस्कर माणसाला उठता-बसताना तिचा फार उपयोग होतो. मात्र उड्डाण आणि उतरणे यांच्या वेळी ती खाली असावी लागते.

पाठ मागे करण्याचा हक्क पुढच्याला आहे, हे मान्य करून चालावे. विमान चढताना व उतरताना ती सरळ ठेवावीच लागते आणि काही विमानांत ती मुळी मागे जातच नाही, म्हणजे तास-सव्वा तासाच्या प्रवासात हा प्रश्न उरतो जेमतेम पाऊण तासाचा. लॅपटॉप उघडला असेल तर पडद्याची वरची कड पुढच्या पाठीच्या खाचेत अडकून तडा जाऊ शकतो, म्हणून तो थोडा आपल्याकडे ओढून ठेवावा आणि पुढच्याला आधीच सांगून ठेवावे. खाणे-पिणे चालू असेल तर "चहा संपेपर्यंत सरळ ठेवाल का?" एवढी मुदतीची विनंती करावी. मुदत सांगितली की माणूस ऐकतो, आणि मुदत संपल्यावर आपणही त्याला तसे सांगावे. मागून गुडघ्याने पाठ दाबून निषेध व्यक्त करणारे मी पाहिले आहेत; त्यातून आजवर कोणाची पाठ सरळ झालेली पाहिली नाही.

मागच्या पायांची एक गोष्ट सांगते, कारण तिने मला कारण विचारायला शिकवले. गेल्या वर्षी चिपीला येताना माझ्या आणि खिडकीच्या मधल्या फटीतून एक अनवाणी पाऊल पुढे आले आणि माझ्या आर्मरेस्टवर विसावले. अंगठ्याचे नख जाड, पिवळट, टाचेच्या भेगांत तांबडी माती बसलेली. मला किळस आली आणि जिभेवर फार कडू वाक्य आले होते. तरीही मागे वळून पाहिले, तर सत्तरीचे एक काका कपाळाला आठ्या घालून मांडी चोळत बसले होते. मी म्हटले, "काका, पाय वायच खाली घेतास?" त्यांनी पाय चटकन ओढून घेतला आणि ओशाळून म्हणाले, "गो बाय, पायाक गोळो इलो." मग मी बटण दाबून कर्मचारी मुलीला बोलावले. पट्ट्याची खूण विझलेली असल्यामुळे तिने काकांना वाटेत चार पावले चालवले, पाणी दिले, आणि पुढचा प्रवास दोघांचाही बरा झाला. पाय कुठे ठेवू नये हे त्यांना सांगणे जितके आवश्यक होते, तितकेच तो तिथे का आला हे कळणेही.

झोपेत खांद्यावर कलंडणाऱ्याला हलकेच पण स्पष्ट शब्दांत उठवावे. खांदा झटकू नये, मान लचकते. मागून लाथा मारणाऱ्या मुलाविषयी मुलाशी नव्हे, तर आई-वडिलांशी बोलावे, आणि मूल लहान असेल तर त्याच्या चपला काढायला त्यांना सांगावे, कारण आदळण्याचा निम्मा जोर चपलेचा असतो. मोबाइलवर मोठ्याने लावलेला व्हिडिओ हेही जागेवरचे अतिक्रमणच आहे, पण त्यात स्वतः वाद घालण्यापेक्षा कर्मचाऱ्यांना सांगणे बरे. जवळ जादाचे साधे इअरफोन असतील तर देऊ करावेत. डोक्यावरच्या कप्प्यात आपली पेटी कोणी आडवी केली असेल तर स्वतः ओढाताण न करता तेही कर्मचाऱ्यांनाच करू द्यावे.

जागा बदलून मागणाऱ्यांची एक वेगळी भीड असते. कुटुंबाला एकत्र बसायचे आहे म्हणून आपल्याला खिडकी सोडायला सांगतात, आणि आपण पैसे भरून घेतलेले आसन नकोसे वाटूनही देऊन बसतो. बारा वर्षांखालील मुलाला निदान आई किंवा वडील यांच्याशेजारी जागा द्यावी, अशी सूचना डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एप्रिल २०२४ मध्ये विमानकंपन्यांना दिलेली आहे. मूल असेल तर मी कोणतीही चौकशी न करता उठते. इतर वेळी "मी ही जागा मुद्दाम घेतली आहे, माफ करा" असे म्हणण्यात काही वावगे नाही. बदल करायचाच असेल तर कर्मचाऱ्यांना विचारूनच करावा. एटीआरसारख्या लहान विमानात कोण कुठे बसले आहे यावर वजनाचा तोल अवलंबून असतो, आणि मागे चार आसने रिकामी दिसली म्हणून उड्डाणाआधी तिकडे जाऊन बसणे चालत नाही.

एकदा नीट सांगून फरक पडला नाही, तर दुसऱ्यांदा स्वतः सांगू नये. डोक्यावरच्या पट्टीत माणसाचे चित्र असलेले बटण असते, ते दाबावे, आणि आलेल्या कर्मचाऱ्याला शेजाऱ्यादेखत एकाच वाक्यात सांगावे: काय होते आहे, आपण एकदा विनंती केली आहे, आणि आपल्याला काय हवे आहे. जागा हवी असेल तर जागा मागावी, नुसता राग ओकू नये. अनेकांना वाटते की बटण दाबणे म्हणजे तक्रारखोरपणा. तसे मुळीच नाही. त्या माणसांचे ते कामच आहे, आणि दोन प्रवाशांत जुंपल्यावर येण्यापेक्षा त्याआधी आलेले त्यांनाही हवे असते.

इथवर जे सांगितले ते गैरसोयीचे. स्पर्श मुद्दाम केलेला आहे असे वाटले तर मात्र यातले काहीही लागू होत नाही. तेथे कारण शोधायचे नाही, मुदत द्यायची नाही आणि हळू आवाजात बोलायचे नाही. विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. झोपेचे सोंग घेऊन मांडीवर आलेला हात पहिल्यांदा चुकून आला असेल अशी शंकेची सवलत द्यावीशी वाटते, कारण आपल्याला तसेच वळण लावलेले असते. ती देऊ नये. "हात काढा" हे दोन शब्द आजूबाजूच्या तीन रांगांना ऐकू जातील असे म्हणावेत, बटण दाबावे, पट्ट्याची खूण विझलेली असेल तर उठून वाटेत उभे राहावे, आणि त्या आसनावर परत बसण्यास नकार द्यावा. कर्मचाऱ्यांना सांगताना हे वैमानिकाला कळवा आणि उतरल्यावर सुरक्षा दलाच्या माणसांना दारापाशी बोलवा, अशी स्पष्ट मागणी करावी. विमान हवेत असताना अंतिम अधिकार मुख्य वैमानिकाचा असतो, आणि त्याच्याकडून गेलेल्या तक्रारीला वेगळे वजन असते.

डीजीसीएने २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांविषयी जी नियमावली काढली, तिच्यात गैरवर्तनाचे तीन स्तर केलेले आहेत. शिवीगाळ, अश्लील हावभाव, दारूच्या नशेतला धिंगाणा हा पहिला स्तर, आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानप्रवासाची बंदी. ढकलणे, लाथ मारणे, मारणे आणि अयोग्य स्पर्श करणे हा दुसरा स्तर, त्याला सहा महिन्यांपर्यंत बंदी. जिवावर बेतेल असे वर्तन हा तिसरा, त्याला किमान दोन वर्षे. विमानकंपनीच्या ज्या अंतर्गत समितीने हा निर्णय ३० दिवसांत द्यायचा असतो, तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. पोलीस तक्रार याहून स्वतंत्र आहे आणि ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, घटना दुसऱ्या राज्यात घडली या सबबीवर ती नाकारता येत नाही. मोपाला उतरून गोव्याच्या हद्दीत द्यायला धीर झाला नाही तर बांद्याला किंवा सावंतवाडीला येऊन द्यावी. आर्मरेस्टवरच्या कोपराला मात्र या नियमावलीची धमकी देऊ नये. तसे करणाऱ्या एका प्रवाशामुळे खऱ्या तक्रारीकडे कर्मचारी कसे थकलेल्या नजरेने पाहू लागतात, ते मी पाहिले आहे.

उतरल्यानंतर तक्रार करायची असेल तर विमानातून बाहेर पडण्याआधीच त्या माणसाचा आसनक्रमांक, आपला आसनक्रमांक, ज्या कर्मचाऱ्याला सांगितले तिच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव आणि साधारण वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवावी. एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते, त्यामुळे पुढच्या रांगेतल्यांना शेवटी उतरायला मिळते, आणि टिपण करायला तेवढा वेळ पुरतो. लेखी तक्रार आधी विमानकंपनीकडे, तिच्या नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावाने करावी, आणि उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर टाकावी. बोर्डिंग पासचा आपल्याकडे राहिलेला तुकडा घरी पोचल्यावर फेकू नये. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो टिपणाबरोबर जपून ठेवावा.